कवचबाबाचा धागा

उल्हासनगर कॅम्प तीनमधल्या त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कवचबाबांनी महिपती आबांना तांब्यातल्या तीर्थाची चूळ भरायला लावली. आबा ताटात थुंकले. बाबांनी त्यात चांदीची सुई बुडवून वर उचलली, तर मागोमाग वीतभर चिकट तार लोंबत आली. गर्दीने हात जोडले.

"देखो, हा पिशाच्चाचा धागा," बाबा म्हणाले. "गेल्या वर्षी मी कवच बांधलं, निमोनिया पळाला. मग परत आला कसा? घरातल्याच कोणीतरी कवच तोडलं. सोमवारी मच्छी कोणी शिजवली?"

सगळ्या माना रंजनाकडे वळल्या. आबांची ही सून जीन्सच्या कारखान्यात शिलाईला होती, आणि सोमवारी तिने बोंबील तळले होते हे खरं होतं. आबा तापाने फणफणत होते, दोन शब्द बोलले तरी धाप लागत होती. आणि तिचा नवरा कैलास, बाबा सांगतील ते करायला तयार बसला होता.

"दवाखाना नाही, गोळी नाही," बाबांनी फर्मावलं. "फक्त तीर्थ. सुनेनेपण घ्यायचं, शुद्धीसाठी."

रंजनाने घोट घेतला. वास कापराचा होता, पण जिभेवरची बुळबुळ ओळखीची वाटली. डब्यासाठी भेंडी चिरताना बोटांना लागते, तीच. तिने सुई उचलली आणि सरळ तांब्यात बुडवली. तार आली, आधीपेक्षा लांब.

"बाबा," ती म्हणाली, "तांब्यालापण निमोनिया झालाय का?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. तीर्थ विटाळलं म्हणून बाबा ओरडेपर्यंत तिने तांब्या ताटात उपडा केला. फडक्यात बांधलेल्या ठेचलेल्या भेंड्या बदकन पडल्या. हॉलभर हसू पसरलं. कैलास मात्र हसला नाही. त्याने वडिलांना उचललं आणि रिक्षा गाठली.

दवाखान्यात ऑक्सिजन लागला, इंजेक्शनं लागली. आबा उठून बसले आणि चहा बेचव आहे म्हणून कुरकुरू लागले, तेव्हा रंजनाने तिथल्या डॉक्टर शलाकांना गाठलं.

"एकदा बरा झालेला आजार परत आला. माझ्या बोंबलांमुळे तर नाही ना?"

डॉक्टर तिच्याजवळ बसल्या. "कवच असतं, पण जंतूच्या अंगावर. बुळबुळीत कोटच म्हणा. त्यामुळे आपल्या रक्तातल्या रक्षक पेशींच्या हातून तो निसटतो. एकदा लढलं की शरीर तो कोट ओळखायला शिकतं. पण निमोनियाच्या या एका जंतूकडे शंभरावर तऱ्हांचे कोट आहेत."

"म्हणजे पँट तीच, पॅटर्न वेगळा?"

"तेच. पॅटर्न त्याच्या जनुकांत असतो, आणि हे जंतू एकमेकांचे पॅटर्न उचलतातही. यंदाचा कोट बहुतेक आबांच्या शरीराला नवा होता. म्हणून लसीतही नेहमी आढळणाऱ्या बऱ्याच कोटांची ओळख करून देतात. आबांना ती देऊ. आणि सोमवार कुठला, शुक्रवार कुठला, जंतूला काही कळत नाही."

कितीतरी दिवसांनी रंजना मोकळेपणाने हसली.

घरी आली तर दारात शेजारची बकुळा उभी. कडेवर खोकणारी मुलगी, तिच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जात होत्या.

"हा बाबा खोटा निघाला गं," बकुळा म्हणाली, "पण अंबरनाथचा खरा आहे म्हणतात."

"असेल. पोरगी बरी झाली की जाऊ दोघी, बघू त्याचा चमत्कार, नीट तपासून बघू. पण ताप आणि धाप असली की पहिली रिक्षा दवाखान्याची."

बकुळाने मुलीच्या छातीवर हात ठेवला आणि दवाखान्यात जायला चपला पायात सरकवल्या.