वरची सहा बोटं

शेवटचं हिमयुग ओसरल्यापासून आजवरचा काळ, म्हणजे होलोसीन, माझ्या वाट्याला पाच नळ्यांतून आला होता. तळ्याच्या तळातून उपसलेला साडेअकरा हजार वर्षांचा गाळ: सर्वांत खाली हिमनदीची राखाडी माती, सर्वांत वर गाळ उपसण्याच्या आदल्या वर्षी बुडालेली पानं. दोन वर्षं मी त्यातले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली मोजत आलो होतो. उरलं होतं ते केवळ वरचं टोक. गेल्या दीडशे वर्षांत काठावर कोणती झाडं होती याच्या लेखी नोंदी होत्या. त्यांच्याशी ताळा जुळला, तरच माझ्या बाकीच्या मोजणीवर कुणी विश्वास ठेवणार होतं. प्रबंध द्यायला तीन आठवडे राहिले होते.

शीतगृहातून पहिली, म्हणजे सर्वांत वरच्या गाळाची नळी काढली. तिचं टोक सुरीने कापल्यासारखं सपाट होतं.

"काका, इथला गाळ कुठे गेला?"

"तो होय?" शीतगृह सांभाळणारे काका म्हणाले. "नुसता रबरबीत होता रे. झाकण बसेना. वरची सहा बोटं छाटली. आता बघ, पेटीत कशी चपखल बसते!"

"छाटली?"

"फेकली नाही हां. त्या कुंडीत कालवली. रोप कसं तरारलंय!"

खिडकीतलं ते रोप खरोखरच तरारलं होतं. मी आयुष्यात कुणावर आवाज चढवला नव्हता. आज चढवला, तर तो फाटला.

"काका, त्या सहा बोटांत तुमचे आजोबा होते, तुम्ही होता, मी होतो!"

काकांनी क्षणभर विचार केला. "एवढी माणसं कोंबल्यावर झाकण बसेल कसं?"

"मला विचारायचं तरी!"

"विचारून काय? मान खाली घालून 'बरं' म्हणाला असतास. दुसरं काही म्हणतोस कधी?"

मार्गदर्शक बाईंचं फोनवरचं उत्तर आटोपशीर होतं. टोकाशिवाय प्रबंध नाही. तळं गोठलंय, आता वसंतात जा. म्हणजे हिमयुग संपून इतकी सहस्रकं उलटल्यावर मी पुन्हा बर्फ वितळण्याची वाट पाहत बसणार होतो.

काकांनी नव्या नळीच्या मागणीचा कागद पुढे ओढला. "लांबी नेहमीचीच, एक मीटर?"

"एक मीटर आणि वर एक वीत."

"मग पेटीत मावायची नाही."

"पेटी मोठी करा," मी त्यांच्याकडे पाहत म्हणालो.

काकांनी मान खाली घातली, लिहिलं, आणि म्हणाले, "बरं."