बिनकोटाचा मामा

कार्डाच्या अगदी तळाशी, सोनेरी शाईत, एक ओळ होती : 'पुरुष मंडळींनी कृपया गडद कोटात यावे.' मामांनी ती एकदा चष्म्यातून वाचली, एकदा चष्मा कपाळावर चढवून वाचली आणि कार्ड इस्त्रीच्या टेबलावर पालथं टाकलं.

"म्हणजे मी यायचं नाही, असं सरळ छापायचं की!"

"मामा, असं नको ना बोलूस," दारात उभी असलेली भाची म्हणाली. "सासऱ्यांची हौस आहे. फोटोत सगळे एकसारखे दिसावेत म्हणतात."

"एकसारखे? मग बँडवाल्यांनाच उभं करा म्हणावं. त्यांची वर्दी तयारच असते."

मामा नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळत. राजाचा अंगरखा, हवालदाराची वर्दी, भिकाऱ्याच्या चिंध्या, सगळं त्यांच्याच हातचं. चिंध्यासुद्धा ते मापात फाडत. बहीण गेली तेव्हा भाची सहा वर्षांची होती. ती कपडेपटाच्या या खोलीतच वाढली. ट्रंकेवर बसून तिनं पाढे पाठ केले आणि थंडीत राजेमहाराजांच्या शाली पांघरून ती इथेच झोपली. आता तिचं लग्न ठरलं होतं. हॉलमध्ये नोंदणी अधिकारी येणार, त्याच्या वहीत मुलीकडच्या वडीलधाऱ्यानं सही करायची. ती सही मामांची, हे पहिल्या बैठकीतच ठरलं होतं.

"तुझ्या खोलीत शंभर कोट लटकतायत," भाची म्हणाली. "एक दिवस एक घाल. कुणाला कळणार आहे?"

"मला कळणार आहे. या खोलीचा नियम तुला मी सांगायचा? इथलं कापड कपडेपटवाल्याच्या अंगाला लागायचं नाही. ते घालून तुझ्या लग्नात उभा राहिलो, तर मी मामाचं काम करणारा नट झालो. मी मामाचं काम करत नाही गं बाई. मी मामा आहे!"

त्यांनी कपाट उघडून मलमलीत गुंडाळलेला पांढरा शर्ट काढला. पहिल्या पगारात भाचीनं त्यांना कापड आणून दिलं होतं. त्याची कॉलर त्यांनी तीनदा उसवून पुन्हा बसवली होती आणि काजं हातानं केली होती. दोन वर्षं हा शर्ट लग्नासारख्या दिवसाची वाट बघत घडीत पडून होता.

"याच्यावर कोट चढवला तर हा दिसणार कुठून?"

भाचीनं जमिनीकडे बघत एकदाचं सांगून टाकलं, "तू कोटात नसलास तर सही सासऱ्यांचे थोरले भाऊ करतील म्हणतात."

मामांचा हात इस्त्रीवर होता. तो तिथेच राहिला. इस्त्रीखालचा अंगरखा करपल्याचा वास आला तेव्हा कुठे ते भानावर आले. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून कापड जळण्याची ही पहिली वेळ.

"थोरले भाऊ?" त्यांचा आवाज चढला. "तुझ्या दोन वेण्या थोरल्या भावानं घातल्या होत्या? गोवर आला तेव्हा तुझ्या उशाशी थोरला भाऊ बसला होता? देवानं मला जन्माला घालताना कोट घालून पाठवलं नाही, आणि नेईल तेव्हाही तो कोट विचारणार नाही. तुझा सासरा विचारतो!"

भाची रडत गेली. आपण कुणावर ओरडलो हे मामांना उशिरा कळलं, आणि मग तर राग दुप्पट झाला.

लग्नाच्या दिवशी निघण्याआधी त्यांनी सवयीनं कपडे मोजले. एकतीस नंबरचा हँगर रिकामा! नोकराचा गडद निळा कोट गायब होता. मॅनेजरनं परस्पर, कुणाच्या तरी ओळखीतून, बाहेर दिलेला दिसत होता. आणि दिला तोही नेमका हा. नाटकात नोकराचा दोन क्षणांत शेठ होतो, त्यासाठी मामांनी तो मुद्दाम शिवला होता. पुढची बटणं नुसती शोभेची आणि पुढा कायमचा शिवलेला. पाठ कॉलरपासून खालपर्यंत उभी चिरलेली, टिचबटणांनी जोडलेली. कुणीतरी मागून लावून द्यायचं, आणि विंगेत मागून एक हिसका दिला की नट मोकळा.

"कुणाला दिलास रे बाबा," असं पुटपुटत मामांनी पांढरा शर्ट घातला, निळा दोरा ओवलेली सुई खिशाच्या पट्टीत खोचली आणि ते निघाले. सुई नसेल तर त्यांना उघडंउघडं वाटे.

हॉलच्या दारात व्याही स्वागताला उभे होते. पोट पुढे, मान ताठ, पाठ भिंतीला. आणि अंगात एकतीस नंबर.

मामा जागीच थांबले. कॉलरवरचे टाके त्यांचे स्वतःचे होते.

"मामा, कार्ड मिळालं नव्हतं का?" व्याही चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले. "नुसत्या शर्टात? अहो, प्रसंग काय, पोशाख काय! माणसानं जरा तारतम्य ठेवावं. असं करा, शेवटच्या रांगेत बसा. फोटोच्या वेळी पुढे येऊ नका म्हणजे झालं."

'साहेब, तुम्ही आमच्या नोकराच्या कोटात आहात!' हे शब्द मामांच्या अगदी दातांपर्यंत आले होते. पण आत भाची नटून बसली होती. त्यांनी ते गिळले. शेवटच्या रांगेत जाऊन बसले आणि मांडीवरच्या मुठी आवळत राहिले. तोंडानं देवाचं नाव चाललं होतं, पण ते जपापेक्षा फिर्यादीसारखंच जास्त होतं.

अधिकाऱ्यानं वही उघडली. वरवधूंच्या सह्या झाल्या. "मुलीकडचे वडीलधारे?" त्यानं विचारलं.

"हे करतील," असं म्हणत व्याह्यांनी थोरल्या भावाला पुढे ढकललं आणि सही कुठे करायची ते बोटानं दाखवायला स्वतः टेबलावर वाकले.

टच.

हॉलमध्ये तो आवाज एकट्या मामांनाच कळला. टच, टच. कॉलरखालचं एक बटण सुटलं, मग दुसरं, मग तिसरं. आता एवढंच करायचं होतं की काही करायचं नाही. स्वस्थ बसायचं. शंभर माणसांसमोर कोट फाटकन उघडू द्यायचा. अपमानाची फेड आपोआप होत होती.

पण चाळीस वर्षांचा हात! मनाला विचारायच्या आत मामा खुर्च्यांमधून वाट काढत व्याह्यांच्या मागे पोचले होते आणि कोटाच्या दोन्ही बाजू मुठीत धरल्या होत्या.

"हलू नका," ते हळूच म्हणाले. "पाठ उघडी पडतेय."

"अं? अहो, हिनं लावली होती सगळी बटणं..."

"वहिनींचा दोष नाही. नोकराचं काम करणारा नट सडपातळ आहे आमचा."

व्याह्यांची मान कॉलरपर्यंत लाल झाली. "म्हणजे हा तुमच्या..."

"एकतीस नंबर. सरळ उभे राहा, सुई आहे." मामा टाके घालू लागले. बुवांनी ओळ अर्ध्यावर सोडली की कीर्तनात जशी शांतता पसरते तशी हॉलभर पसरली. आता मात्र मामांना आवाज खाली ठेवणं जमेना. "तुमचं कोटावाचून अडलं, तुम्ही मागून आणलात. त्यात मला काही वाटत नाही. माणसाचं अडतं. पण मागून आणलेला कोट अंगात घालून मला मागे बसवता? हा शर्ट या पोरीच्या पहिल्या पगाराचा आहे. माझ्या आयुष्यात याच्याहून भारी कापड नाही. त्याला तुम्ही 'नुसता' म्हणालात! मी लाजतो, पण तुमच्या पाठीसाठी लाजतो, माझ्या शर्टासाठी नाही."

व्याही ताठ उभे. सुईपुढे कोण वाद घालणार?

भाचीनं चुलतसासऱ्यांच्या हातातून पेन काढून घेतलं. "सही मामाचीच," ती म्हणाली. "आणि मामा, परवा मी जे बोलले ना..."

"थांब, गाठ मारू दे."

गाठ मारून त्यांनी दोरा दातांनी तोडला, बाह्या नीट केल्या आणि वहीत सही केली. ठसठशीत, पूर्ण नावाची. भाचीनं त्यांना आपल्या शेजारी उभं केलं आणि फोटोवाल्याला म्हणाली, "आता काढा."

जेवणं आटपली तेव्हा ऊन तापलं होतं. सगळ्यांनी कधीच कोट काढून खुर्च्यांना अडकवले होते. व्याही तेवढे घामानं निथळत फिरत होते, कारण पुढा कायमचा शिवलेला आणि पाठीला मामांचे दुहेरी टाके. शेवटी ते मामांपाशी आले.

"मामा," ते अगदी हळू म्हणाले, "जरा उसवता का?"

"येतो की," मामा म्हणाले. "पण साहेब, शेवटच्या रांगेतून यायचं म्हणजे थोडा वेळ लागणारच." आणि त्यांनी सावकाश, चवीनं, पाण्याचा पेला संपवला.