बोलण्याआधीचा ठिपका

"गप्प बसा गं पोरींनो, बाबा टाचण्या काढतायत!"

आईचा हा आवाज माझ्या लहानपणाला पक्क्या टाक्यानं शिवलेला आहे. बाबा शिंपी. दिवसभर ओठांत टाचण्या, त्यामुळे तोंडात शब्द नाही. काही सांगायचं असलं, की एकेक टाचणी उशीत खोचायचे, घसा खाकरायचे आणि मग बोलायचे. तोवर आम्ही बहिणी श्वास रोखून.

आता मी स्वस्तातल्या, बटणांच्या फोनमध्ये महागड्या फोनसारखं मेसेजिंग बसवून देते. फोटो, ग्रुप, आवाज, मेसेज पोचल्याची खूण. सगळं एवढ्याशा मेमरीत घडी घालून ठेवायचं. कापड तोकडं, सदरा मात्र पुरा. बापाची लेक आहे, जमतं मला.

त्या दिवशी फोनच्या कारखान्यात शेवटची बैठक होती. नमुन्याचा फोन अंगठ्यानं दाबत मोठे साहेब म्हणाले, "बाई, काम झकास. फक्त ते 'लिहीत आहे' तेवढं काढा. तीन ठिपके नाचवायचे म्हणजे मेमरी खाणार, बॅटरी खाणार."

"नाचवत नाही, साहेब. एकच ठिपका ठेवलाय. समोरच्यानं लिहायला घेतलं की लागतो, थांबलं की विझतो. बॅटरीला पत्ताही लागत नाही."

"पण हवाय कशाला? माणूस लिहील, पाठवेल, संपलं."

"घरी बाईसाहेब रागावल्या, तर त्या बोलायच्या आधीच कळतं ना तुम्हाला?"

"न कळून सांगतो कुणाला! भांडी आपटतात की."

"तेच भांडं बसवलंय यात."

टेबलाभोवती हशा पिकला. साहेबही हसले, पण हो काही म्हणेनात. "चालवून दाखवा. पटलं तर राहील, नाहीतर जाईल."

दुसरा नमुना मी चाचणीसाठी बाबांना दिला होता. साहेबांच्या हातातला फोन घेऊन त्यांच्यासमोरच लिहिलं, "बाबा, कसे आहात?" उत्तर ठरलेलं. गेले कित्येक महिने एकच, "बरा आहे."

ठिपका लागला. विझला. पुन्हा लागला. पुन्हा विझला.

"अडकलं तुमचं यंत्र," साहेब म्हणाले.

"अडकलं नाही. टाचण्या काढतायत."

त्यांना काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली. हळूहळू सगळं टेबल त्या इवल्याशा पडद्यावर वाकलं. ठिपका नसता, तर एव्हाना फोन बाजूला सारून मी बोलायला लागले असते. ठिपका होता, म्हणून थांबले. लहानपणी थांबायचे तशी.

"लागला, लागला!" कुणीतरी कुजबुजलं.

"गप्प बसा रे," साहेब म्हणाले. मग माझ्याकडे न बघताच, "राहू द्या हा. नाही काढायचा."

तेवढ्यात फोन थरथरला.

"बरा नाही. हात कापतो, कात्री धरवत नाही. दुकान कधीच बंद केलं. सांगेन सांगेन म्हणून राहिलं. ये गं एकदा."