टाचेचा पट्टा

माणसाने माणसाच्या पायाशी गुडघे टेकून बसावं, याहून मोठी नम्रता जगात नाही. साडू रोज सकाळी साडेआठला पाणबुड्याच्या पायाशी असा बसायचा आणि त्याच्या नम्रतेचा पहिला उद्गार असायचा, "पाय पुढे घे, बैला."

पाणबुड्या पाय पुढे घ्यायचा. उलट बोलायची सोय नव्हती. तोंडात हवेची नळी असायची.

तो खात्याचा नियम होता. धरणाच्या दारांपुढच्या जाळीत कचरा अडकायचा, तो खाली जाऊन काढायचं काम पाणबुड्याचं. पाण्यात उतरायला एक शेवाळलेली लोखंडी फळी होती. तिच्यावरून घसरलाच तर नाकातोंडात पाणी जाऊ नये म्हणून आधी तोंडात हवा, मग पायात फिन, म्हणजे ती रबरी वल्ही. खालचं पाणी बाराही महिने इतकं गार की हातमोजे गोधडीसारखे जाड लागायचे. त्या मोज्यांनी फिनच्या पट्ट्याचं टिचभर बक्कल ओढणं म्हणजे उलथन्याने सुईत दोरा ओवणं. म्हणून पट्टा लावायला आणि वर दोर धरून बसायला खात्याने उघड्या हातांचा एक मदतनीस दिला होता. तो साडू निघाला, यात खात्याचा दोष नव्हता. सासऱ्यांनी दोन्ही मुली आणि दोन्ही जावयांच्या नोकऱ्या एकाच वर्षात मार्गी लावल्या होत्या.

सासरे गेले आणि सासूबाई दोन महिन्यांसाठी थोरल्या मुलीकडे, म्हणजे साडूकडे राहायला गेल्या. त्याला सहा वर्षं झाली. "आमच्या घरात ओल आहे हो, आईंना दम," असं पाणबुड्याने तेव्हा सांगितलं होतं. दिवसभर पाण्यात राहणाऱ्या माणसाने ओलीची सबब सांगावी, हे साडूला आजतागायत पचलं नव्हतं. बहिणी-बहिणी एकदा दारात उभ्या राहून कडाकडा भांडल्या आणि मग बोलायच्याच थांबल्या. साडू मात्र रोज सव्वाचार मिनिटं बोलायचा.

"सकाळपासून तीनदा चादर बदलली म्हातारीची. तुला काय, तू मारतोस बुडी." एक ओढ. "काल ताट सरकवलं. म्हणे, धाकटी मऊ भात करायची. आण म्हणावं धाकटीला, बसव इथे चुलीपुढे." आणखी एक ओढ. "तिला आंघोळीला उचलून नेतो मी. जावई. आणि हे बघा, पाटावरच्या नवरदेवासारखे पाय सोडून बसलेत." शेवटची ओढ अशी की टाच पांढरी पडायची.

पाणबुड्या नळीतून फसफस करायचा. त्यात त्याचं सगळं उत्तर असायचं.

संध्याकाळी बायको विचारायची, "काय म्हणाले भाऊजी?"

"शिव्या घातल्या."

"त्या कळल्या. पण कसल्या?"

तो सांगायचा. कपड्यांच्या घड्या घालता घालता ती शिव्या पाखडायची आणि खाली पडेल ते वेचून घ्यायची. "म्हणजे ताटावर बसते अजून. माझ्या हातचा भात आठवतोय." मग तिला घड्या नीट जमायच्या.

नवरदेवाचा टोमणा मात्र पाणबुड्याला लागला. जीव साडूच्या हातात द्यायला त्याची कधीच हरकत नव्हती, दोर नऊ वर्षं त्याच्याच हातात होता. टाच द्यायची नाही, असं त्याने ठरवलं.

पहिल्या खेपेला त्याने पट्ट्याला भोक पाडून त्यात दोरी ओवली. पहिल्याच ओढीला रबर भोकापासून काठापर्यंत फाटलं. दुसऱ्या खेपेला भोक पाडलं नाही. जुन्या दप्तराचा बंद पट्ट्याभोवती गुंडाळून चांभाराकडून शिवून घेतला, पण भिजल्यावर तो असा लोळागोळा व्हायचा की मोज्याला सापडायचाच नाही. तेव्हा त्याची नजर न्हाणीघरातल्या बादलीवर गेली. कडीवर हाताला काचू नये म्हणून बसवलेली प्लास्टिकची नळी असते, ती त्याने काढली, दोन तुकडे केले आणि बंदात ओवले. आता टाचेमागे एक जाड, ताठ कडी उभी राहिली; आंधळ्यालाही सापडावी अशी. बक्कलचं माप एकदाच पक्कं करून त्यावर चिकटपट्टी गुंडाळली. नंतर तो आठ दिवस पलंगावर बसून, मोजे घालून, डोळे मिटून टाचेमागे हात फिरवत होता.

"बादलीची नळी कुठाय?" बायकोने विचारलं.

"शास्त्राच्या कामी आली."

सोमवारी तो फळीवर बसला. साडू गुडघे टेकणार, एवढ्यात त्याने एका बोटाने कडी ओढली. पट्टा ताणला, टाचेवर चढला. दुसरा पाय. सगळे मिळून सहा सेकंद. साडू अर्धा वाकलेला तसाच राहिला. मग उठला आणि पँटचे गुडघे झाडले. त्यांना धूळ लागलेलीच नव्हती.

साडूने त्याच दुपारी अर्ज दिला : 'खात्याच्या मालमत्तेत विनापरवाना फेरफार.' साहेब थांबघड्याळ घेऊन स्वतः आले. जुनी रीत, चार मिनिटं बारा सेकंद. नवी रीत, सहा. साहेबांनी दोनदा करून दाखवायला लावलं, फोटो काढले, आणि पंधरवड्यात परिपत्रक निघालं. कलम एक : सर्व फिनना सदर कडी बसवावी. कलम दोन : ती काढू नये. कलम तीन : मदतनिसाने फिनला हात लावू नये. सुधारणा साहेबांच्या मार्गदर्शनाखाली झाल्याचं सगळ्यात वर लिहिलं होतं.

"झाला आनंद?" साडू म्हणाला. त्यानंतर तो बोलला नाही. दोर धरून पाण्याकडे बघत बसायचा.

"काय म्हणाले भाऊजी?"

"काही नाही. सुटलो एकदाचा."

"काहीच नाही?"

"सहा सेकंदांत काय बोलणार?"

आठव्या दिवशी बायकोने विचारणं सोडलं. तिसऱ्या आठवड्यात ताईची शेजारीण तिला दुकानात भेटली. आई न्हाणीघरात पडली होती. खुबा मोडला, चार दिवस दवाखान्यात होती, आता घरी अंथरुणावर. बायको तशीच ताईकडे गेली. ताईने दाराची साखळी न काढता फटीतून "झोपलीय" एवढंच सांगितलं.

पाणबुड्या घरी आला तेव्हा ती बादलीशेजारी पाटावर बसली होती.

"माझी नळी परत आणा."

"अगं, ती आता खात्याची झाली. कलम दोन."

"मग खात्याकडेच जेवा." ती उठली. "माझी आई पडली. तुम्ही इथे बसून मला सेकंद सांगत होता."

दुसऱ्या दिवशी पाणबुड्या फळीवर बसला, तोंडात नळी घातली, फिनमध्ये पाय सरकवले आणि पट्टे तसेच ठेवले.

"ओढ की तुझी कडी," साडू म्हणाला.

पाणबुड्याने पाय पुढे केला.

"परिपत्रक वाचलंयस ना? मी हात लावायचा नाही."

पाय तिथेच राहिला. हवेचा काटा खाली यायला लागला. तोंडातली नळी काढून 'आई कशा आहेत' एवढं विचारता आलं असतं. नऊ वर्षांत तशी सवय नव्हती.

"चल, साहेबांना बोलावतो."

फसफस.

"निर्लज्ज आहेस." काटा पाऊण टाकीवरून अर्ध्याकडे झुकला, तेव्हा साडूने दोर खाली आपटला आणि गुडघे टेकले. "पाय पुढे घे, बैला." पाय पुढेच होता. साडूने कडीत बोट घातलं, पट्टा टाचेवर चढवला. दुसऱ्या पायाचाही चढवला. काम संपलं. तो उठला नाही.

"उजवा खुबा. आत पट्टी टाकलीय." त्याने चढलेला पट्टा उतरवला आणि पुन्हा चढवायला घेतला. "कूस बदलताना शेजारपाजार गोळा होईल एवढं ओरडते. खात नाही. भरवलं तर थुंकते, माझ्याच अंगावर." पट्टा पुन्हा उतरला. "दिवसभर धाकटीला हाका मारते. थोरली 'ओ' देत नाही. तिला राग येतो. मग मी देतो."

पाणबुड्याने मान खाली करून त्याच्याकडे पाहिलं.

"बघतोस काय? टाच वर कर."

त्या दिवशी पट्टे लावायला अकरा मिनिटं लागली. उरलेल्या हवेत जाळी अर्धीच साफ झाली.

परिपत्रक खात्याच्या चौदाही केंद्रांना गेलं आहे. पाणबुड्या त्यांतल्या एकाच केंद्रावर आहे. बाकीच्या तेरा ठिकाणी पट्टे सहा सेकंदांत लागतात.