शेवटची वाफ

जहाज फिनलंडमधल्या तुर्कू बंदरात बांधलं. त्याच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, 'रेवोन्तुली' ही नावाची अक्षरं रेइनोने, म्हणजे हिल्क्काच्या नवऱ्याने, स्वतःच्या हाताने वेल्डिंग करून बसवली होती. पुढे तो त्याच जहाजाच्या इंजिनखोलीत लागला आणि ती केबिनी झाडायला. माणसं खचाखच भरून स्टॉकहोमला जायची, टँगो नाचायची, स्वस्त दारू ढोसायची आणि डोकं धरून परत यायची. एका नोव्हेंबरात रेइनो डेकवरून नाहीसा झाला. प्रेतसुद्धा मिळालं नाही.

मग जहाज विकलं, नाव बदललं, पुन्हा विकलं, पुन्हा बदललं. नव्या मालकांनी थरावर थर रंग चढवला. पण सुंभ जळला तरी पीळ जातो थोडाच? तिरपं ऊन पडलं की खालचं नाव वर दिसायचंच.

आमच्याकडे सौनाघरातून, म्हणजे वाफेच्या न्हाणीतून, शेवटी निघणारा तापल्या दगडांवर ओगराळंभर पाणी टाकतो. ती वाफ सौनाच्या राखणदाराची. ती दिली की सौना मिटलं, आत कुणी उरलं नाही. रेइनो गेला त्या दिवशी खलाशांच्या सौनात त्याची पाळी राहिली होती, म्हणून शेवटची वाफ कुणी दिलीच नाही. दुसऱ्या दिवशीही कुणाचा हात उचलेना. पुढे खलाशी बदलले, पण तेवढी रीत टिकली. कारण विचारलं तर म्हणायचे, "एकजण आत आहे अजून."

आता जहाज भंगारात निघालं होतं. धक्क्यावर पहाऱ्याला बोर्ये होता, जहाजावरचा जुना तांडेल.

"भरल्या दुपारी बादली घेऊन कुठे निघाली स्वारी?" त्याने हिल्क्काला विचारलं.

"त्याला उठवायला. उद्या जहाज तोडायला नेणार आणि हा आपला आत बसलेला. कुठूनही वेळेवर उठला असेल तर शपथ."

"अगं, वीज कधीच तोडलीय. दगड थंडगार असतील."

"असू देत. वाफ दिली की सुटेल बिचारा."

सौनाघराचं दार तिने उघडलं. आत ऊब होती. बर्चच्या ओल्या पानांचा वास होता आणि वरच्या फळीवर बसल्या माणसाएवढा ओला डाग.

"रेइनो, ऊठ आता," ती म्हणाली.

तिने ओगराळं भरून दगडांवर धरलं, तसा वरून सुस्कारा आला. पाळी संपवून आला की तो अंथरुणावर असाच टेकायचा.

हिल्क्का घाबरली. त्याला नव्हे. हे पाणी पडलं की तो कुठेच नसणार, या विचाराला घाबरली. इतकी वर्षं निदान तो इथे बसलेला होता.

तिने पाणी हळूच बादलीत परत ओतलं, शेगडीतला एक दगड उचलून कोटाच्या खिशात घातला आणि बाहेर आली.

"दिलीस?" बोर्येने विचारलं.

"दिली."

त्याने तिच्या हातातून बादली घेतली. ती काठोकाठ भरलेली होती. त्याने ते पाहिलं आणि पाणी समुद्रात ओतून दिलं.

"खिसा सांभाळ," रिकामी बादली देत तो म्हणाला. "कोटातून वाफ येतेय."

शनिवारी हिल्क्काने घरचं सौना तापवलं आणि दोन टॉवेल काढून ठेवले. निघताना तिने दगडांवर पाणी टाकलं नाही.