पांढऱ्या रंगाखाली

सकाळी साडेसातला शिवणकारखान्याच्या तळमजल्यावरच्या छताला पांढरा रंग लावून झाला होता. आगीला बारा दिवस झाले होते.

परवा चाचणीवाल्याने हे छत ठोकून तपासलं होतं आणि पोकळ वाजलेल्या जागी खडूने एकोणीस वर्तुळं काढली होती. आता एकही दिसत नव्हतं.

"रंग कुणी लावायला सांगितला?" चाचणीवाल्याने विचारलं.

"काळं छत बघून बायका घाबरतात," मॅनेजर म्हणाला. "अहो, तापलं तेव्हा पडलं नाही, आता गार झाल्यावर पडेल होय?"

"तेव्हा वरच्या मजल्यावर माल नव्हता. आता कापडाचे तागे रचलेत."

चाचणीवाला शिडीवर चढला, छताला छिन्नी मारली. रंगाखाली पेरभर आतपर्यंत काँक्रीट गुलाबी होतं. सत्तावीस वर्षं छतं ठोकून त्याला भाजलेल्या काँक्रीटचा हा गुलाबी चांगलाच ठाऊक होता. आच आतल्या ताणलेल्या तारांपर्यंत गेली होती आणि सगळं छत त्या तारांच्या ओढीवर उभं होतं. परवा भिंतीपासून भिंतीपर्यंत त्याने छताखाली दोरी ताणली, तेव्हा मध्यावर बोटभर फट होती. आज छत दोरीला टेकलं होतं.

"वापरास अयोग्य. लिहून देतो."

"द्या की. छत ठीक असल्याचा दुसऱ्याचा कागद दुपारपर्यंत येतोय. आणि तुमची ताई तिसऱ्या ओळीत आहे ना? तिला विचारा, काम हवंय का."

छिन्नी खिशात टाकून तो शिडीवरून उतरला आणि दाराकडे वळला. ताई डबा घेऊन येतच होती.

"भांडलास ना परत?"

"ताई, आत जाऊ नकोस."

"मग काय घरच्या भिंती शिवू? पांढरंशुभ्र तर आहे छत. तुझं मेलं सगळीकडे ठोकत फिरणं!"

"इस्त्रीनं करपलेलं इलॅस्टिक गार झालं की परत ओढून धरतं का गं?"

मान वर करून ताई दारातून दोरीकडे बघत राहिली.

"आतल्या तारांचं तसंच झालंय," तो म्हणाला.

साडेआठला कामाचा भोंगा झाला. त्याने अग्निशमन कार्यालयाला फोन लावला; अधिकारी निघालेत, असं उत्तर मिळालं.

साडेनऊ वाजले तरी कोणी पोहोचलेलं नव्हतं. आत त्रेसष्ट मशीनं चालू होती, तिसऱ्या ओळीतलं एक बंद. ताई बाहेर पायरीवर बसली होती. मांडीवर डबा घेऊन ती आतल्या एकेकीला नावानं हाका मारत होती.