हादरा बसला की धावायचं

सगायमेरी नाचणीचे उंडे वळत होती तेव्हा जमीन हादरली. मांडणीवरची भांडी खाली आली, पत्रे थरथरले, आणि सगळं गप्प झालं.

कोलारच्या या खाणवस्तीत हादऱ्याचा एकच अर्थ. खाली दगड फुटला. गोऱ्या साहेबांनी तमिळ मुलखातून गावकुसाबाहेरची माणसं आणली, खोपटांच्या ओळींत कोंबली आणि त्याला गाव म्हटलं. सोनं विलायतेला गेलं, खोकला इथेच राहिला. तेव्हापासूनची रीत: हादरा बसला की प्रत्येक बाईने हातातलं टाकून खाणीच्या तोंडाशी धावायचं, आपला माणूस वर येईपर्यंत हलायचं नाही.

आता खाणीला टाळं होतं. खाली कुणी नाही, म्हणून कुणी धावत नव्हतं. जी धावेल तिचा नवरा चोरून उतरलाय, हे उघड. मग पोलीस, मग कंपनीची खोली खाली करा.

तिचा ज्ञानराज उरलंसुरलं सोनं खरवडायला पहाटेच उतरला होता. सोबत शेजारच्या पट्टम्माचा थोरला.

पट्टम्मा दारातच उभी होती. "आत जा गं. लांब कुठंतरी फुटलं असेल."

"लांब? भांडी पडली माझी, अक्का!"

"पोरांना घेऊन रस्त्यावर बसशील. माझी सून बाळंतीण आहे."

"मग खोली सांभाळून काय करू? त्याचा फोटो टांगू?"

ती फाटकापर्यंत पळत गेली. वॉचमनने काठी आडवी धरली.

"माझा नवरा खाली आहे."

"खाली कुणी नाही. मी काही ऐकलं नाही. माघारी जा."

"ऐक, मेल्या! ज्ञानराज नाव त्याचं. चोरी करायला उतरलाय. खोली घ्या, मला आत टाका, पण माणसं उतरवायचा पाळणा सोड खाली!"

वॉचमनने मान खाली घातली. "पाळण्याचा दोर केव्हाच भंगारात गेला, बाई. कुठून उतरले ते सांग. दोर-पहार घेऊन माणसं आणतो."

ते तिला ठाऊक नव्हतं. मारलं तरी तोंडातून निघू नये म्हणून ज्ञानराजने सांगितलंच नव्हतं. भोक शोधलं होतं पट्टम्माच्या पोराने.

ती उलटी धावली. पट्टम्माचं दार आता बंद होतं. सगायमेरीने दगड उचलला आणि दारावर घालायला लागली.

"अक्का, कुठून? तुझाही खाली आहे गं! कुठून?"

आत बाळ रडायला लागलं. ओळीतली बाकीची दारंही एकेक करून लागली. तिच्या बोटांतून रक्त आलं तरी दगड थांबला नाही.

शेवटी कडी निघाली नाहीच. फटीतून आवाज तेवढा आला, रडून घोगरा झालेला.

"गिरणीमागं, पाण्याच्या टाकीखाली. माझं नाव घेऊ नकोस."